प्राण्याचे मस्तक कोरलेली जुनी हातकाठी कशी पारखावी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये घराबाहेर पडणाऱ्या सुस्थितीतील गृहस्थाच्या हातात काठी असे, आणि ती आधारापेक्षा पोशाखाचा भाग म्हणून अधिक असे. न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे ‘जेम्स स्मिथ अँड सन्स’ हे १८३० साली सुरू झालेले छत्र्या आणि काठ्यांचे दुकान १८५७ पासून त्याच जागी उभे आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवर १८३६ साली निघालेली ‘ब्रिग’ ही पेढी पुढे १९४३ मध्ये ‘स्वेन अँड एडनी’ या चाबूक बनवणाऱ्या पेढीशी एकत्र झाली. अशा दुकानांतून विकल्या जाणाऱ्या काठ्यांमध्ये प्राण्याचे मस्तक कोरलेल्या मुठींना विशेष मागणी होती. ग्रेहाउंड, बुलडॉग, टेरियर, घोडा, बदक, पोपट, गरुड, ससा, माकड असे कितीतरी प्राणी या मुठींवर दिसतात. कुत्रे मात्र सर्वांत जास्त, कारण घरातल्या लाडक्या कुत्र्याच्या जातीची मूठ हौसेने मागितली जाई. आज या काठ्या लिलावांत, जुन्या वस्तूंच्या बाजारांत आणि कधी कधी आपल्याकडील जुन्या घरांच्या माळ्यावरही सापडतात. त्यांतली खरी कोणती, वेगवेगळ्या काठ्यांचे भाग जोडून केलेली कोणती आणि नवीनच घडवून जुनी भासवलेली कोणती, हे कसे ओळखावे याचे हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची सारी तपासणी तिच्यावर उभी आहे. मूठ ही कपाटात ठेवण्याची मूर्ती नव्हे. ती वर्षानुवर्षे एका हाताच्या तळव्यात राहिलेली वस्तू आहे, आणि तळवा जिथे टेकतो तिथेच ती झिजते. नक्षी नकलता येते, रंग काळवंडवता येतो, मुठीखालचे चांदीचे जुने कडे दुसऱ्या काठीवरून काढून बसवता येते. पण हाताने केलेली झीज हुबेहूब उतरवणे फार अवघड असते, कारण त्यासाठी नकलाकाराने तो हात कसा चालत होता याचा विचार करावा लागतो आणि बहुतेक जण तो करत नाहीत.

काठी हातात घ्यावी, डोळ्यांनी नंतर पाहावी

काठी समोर आली की भिंग काढण्याआधी ती चालण्यासाठी धरतात तशी धरावी आणि दहा-बारा पावले चालून पाहावे. काटकोनात बसवलेल्या ग्रेहाउंडच्या मुठीत कुत्र्याचे तोंड पुढे राहते, तळवा त्याच्या कपाळावर व मानेवर टेकतो, अंगठा एका गालाशी येतो आणि तर्जनी गळ्याखालून जाते. आता हात उचलून नेमक्या याच जागा पाहाव्यात. कानांच्या कडा बोथट झालेल्या, कपाळावरचे कोरीव केस पुसट झालेले, मानेच्या मागचा भाग गुळगुळीत आणि किंचित अधिक गडद झालेला असायला हवा. याउलट डोळ्यांच्या खोबण्या, ओठांचे कोपरे, कानांच्या आतला भाग आणि हनुवटीखालची सुरकुती या जागा हाताच्या आवाक्याबाहेर असल्याने तिथे हत्याराच्या धारेच्या रेषा अजून तीक्ष्ण दिसतात आणि त्यांत जुना मळ घट्ट बसलेला असतो.

नकली मुठीत हा भेद दिसत नाही. सँडपेपरने घासलेल्या मुठीचे नाक, कान, कपाळ आणि हनुवटी सारख्याच प्रमाणात गोलसर होतात. काळा रंग लावून वरवर पुसलेला असल्यास तो सर्व खाचांत एकसारखा राहतो, अगदी जिथे मळ साचण्याचे काही कारण नाही तिथेही. मी घेतलेल्या पहिल्याच मुठीच्या बाबतीत हीच चूक माझ्या हातून झाली. टेरियरचे ते मस्तक फार सुंदर होते, पण त्याची सर्वाधिक झीज नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीखाली होती, जिथे काठी धरणाऱ्याचा हात पोहोचतच नाही. ती गोष्ट लक्षात येईपर्यंत पैसे देऊन झाले होते. तेव्हापासून किंमत विचारण्याआधी मी काठी हातात धरून चालून पाहतो.

एक सावधगिरी येथे सांगणे आवश्यक आहे. समारंभाच्या किंवा संध्याकाळच्या पोशाखाबरोबर वापरलेली काठी फारशी झिजलेली नसते. म्हणून झीज कमी आहे एवढ्यावरून मूठ खोटी ठरवू नये. झीज चुकीच्या जागी आहे का, एवढेच पाहावे.

मूठ कशाची आहे

पदार्थ ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटा प्रखर दिवा आणि शक्य असल्यास अतिनील प्रकाशाची बॅटरी एवढे साहित्य पुरते. तापवलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती कोणी सुचवली तर ती कटाक्षाने टाळावी. तिने खऱ्या वस्तूवर कायमचा डाग पडतो, आणि मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असल्यास ती भडकन पेटू शकते.

हस्तिदंताची ओळख त्याच्या आडव्या छेदात मिळते. कोरलेल्या मुठीत असा छेद बहुधा कड्याजवळच्या तळाशी किंवा मुस्कटाच्या टोकाशी उघडा असतो. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. या जाळीचे बाहेरच्या कडेजवळचे कोन आजच्या हत्तीच्या दातात ११५ अंशांहून अधिक असतात, तर सैबेरियातील गोठलेल्या भूमीतून निघणाऱ्या मॅमथ या नामशेष हत्तीसारख्या प्राण्याच्या दातात ते ९० अंशांहून कमी असतात. लांबीच्या बाजूला ही जाळी दिसत नाही. तिथे हलक्या लहरी रेषा असतात. हाडाच्या मुठीवर याऐवजी बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, कारण जिवंतपणी रक्तवाहिन्या जाणाऱ्या नलिकांत मळ शिरलेला असतो. वॉलरस या समुद्री प्राण्याच्या सुळ्याचा गाभा संगमरवरासारखा गुठळ्यागुठळ्यांचा असतो. सांबरशिंगाच्या आत सच्छिद्र गाभा असल्याने त्याच्या मुठीत कारागीर बाहेरची खडबडीत साल मानेच्या केसांसाठी तशीच राखून फक्त तोंड कोरताना दिसतो, आणि जर्मन व ऑस्ट्रियन शिकारी काठ्यांमध्ये ही कल्पना फार कौशल्याने वापरलेली आढळते.

सेल्युलॉइड १८७० नंतर बाजारात आले आणि हस्तिदंताची नक्कल म्हणून त्यात मुद्दाम रेषाही उमटवल्या गेल्या. पण त्या सरळ, समांतर आणि एकसारख्या अंतरावर असतात. जाळी कधीच होत नाही. मूठ तळव्याने जोरात घासून लगेच वास घेतल्यास कापराचा गंध येतो. अतिनील प्रकाशात हस्तिदंत आणि हाड निळसर पांढरे चमकतात, तर बहुतेक प्लास्टिक मंद राहते. साच्यातून काढलेल्या मुठीवर कानामागे किंवा हनुवटीखाली जोडाची बारीक शिवण सापडते आणि भिंगातून हवेचे बुडबुडेही दिसतात. सेल्युलॉइडच्या मुठी शंभर वर्षांहून जुन्या असू शकतात आणि त्यांचेही संग्राहक आहेत. फसवणूक होते ती त्यांना हस्तिदंत म्हणून विकल्यास.

मला स्वतःला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या लाकडी मुठी. इंग्लंडमध्ये बॉक्सवूड हे पिवळसर, अतिशय घट्ट लाकूड यासाठी पसंत केले जाई, कारण त्याचे तंतू इतके जवळजवळ असतात की मिशांच्या मुळांची छिद्रेसुद्धा त्यात टिपता येतात. स्वित्झर्लंडमधील ब्रिएन्झ गावातील कोरीवकाम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रसिद्ध आहे आणि तिथे १८८४ मध्ये त्याचे रीतसर शिक्षण देणारी शाळाही निघाली. या परिसरातील अस्वले आणि कुत्री बाजारात आजही चुकीने ‘ब्लॅक फॉरेस्ट’ची म्हणून विकली जातात, वास्तविक ब्लॅक फॉरेस्ट हा जर्मनीतला निराळा प्रदेश आहे. लाकडी मुठीत तंतूंची दिशा पाहावी. चांगला कारागीर लांब मुस्कटाच्या दिशेने तंतू जातील असा तुकडा निवडतो, नाहीतर मुस्कट पडल्यावर मोडते. तंतू आडवे असूनही मुस्कट शाबूत असेल, तर तिथे जोड लावलेला आहे का हे दिव्याच्या तिरप्या प्रकाशात पाहावे. रंगवलेल्या लाकडी मुठीही पुष्कळ आहेत, विशेषतः बदके, पोपट आणि बुलडॉग. त्यांचा मूळ रंग चोचीच्या टोकावर आणि डोक्यावर उडालेला असणे स्वाभाविक आहे. तो नव्याने रंगवून घेतलेला असेल तर वस्तूचे मोल निम्म्याने तरी घटते, असे माझे मत आहे.

डोळे आणि हलणारा जबडा

डोळे बहुधा काचेचे असतात. पिवळसर किंवा तपकिरी बुबुळ आणि मध्ये काळी बाहुली. काच ओठाला लावली तर थंड लागते, प्लास्टिक तितके लागत नाही. दोन डोळे रंगाने किंवा उंचीने वेगळे असतील तर एक बदललेला आहे. हा दोष मोठा नाही, पण किमतीत तो धरला पाहिजे. डोळ्याभोवती पांढरा किंवा पारदर्शक आधुनिक चिकट पदार्थ ओघळलेला असेल, तर खोबणीच्या कडा तपासाव्यात, कारण घाईने डोळा बसवताना त्या हमखास फुटतात.

काही मुठींत मानेजवळ बारीक कळ असते. ती दाबली की जबडा उघडतो आणि कधी जीभ बाहेर येते. पक्ष्यांच्या काही मुठींत चोच स्प्रिंगने उघडते आणि हातमोजे त्यात धरून ठेवता येतात. घरात शिरताना काढलेले हातमोजे कुठे ठेवायचे, या रोजच्या अडचणीवर काढलेला तो उपाय होता. कळ घट्ट झालेली असेल तर जोर लावू नये. शंभर वर्षांची स्प्रिंग एकदा तुटली की तशी दुसरी मिळत नाही, आणि बळाने दाबल्याने बहुधा जबड्याचा बिजागर आधी जातो.

मूठ फिरवून किंवा ओढून निघत असेल आणि आत पाते असेल, तर ती गुप्ती आहे. भारतात गुप्ती शस्त्र नियमांच्या कक्षेत येते, म्हणून अशी काठी हौस म्हणून घरी आणू नये.

कडे, दांडा आणि शेंबी

मूठ आणि दांडा यांच्या सांध्यावर धातूचे कडे असते. इंग्रजी चांदीच्या कड्यावर चालणारा सिंह चांदीची शुद्धता दाखवतो. लंडनसाठी बिबट्याचे मस्तक, बर्मिंगहॅमसाठी जहाजाचा नांगर आणि जुन्या शेफील्डसाठी मुकुट असे परीक्षण कचेरीचे चिन्ह असते, आणि वर्षासाठी एक अक्षर असते. राजा किंवा राणीच्या चेहऱ्याचा शिक्का कर भरल्याची खूण होती. तो १७८४ मध्ये सुरू होऊन १८९० मध्ये बंद झाला, त्यामुळे तो दिसल्यास कडे बहुधा १८९० च्या आधीचे आहे. फ्रेंच कड्यावर १८३८ नंतर मिनर्व्हा देवीचे किंवा छोट्या वस्तूंसाठी रानडुकराचे मस्तक आढळते, तर जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हा आकडा असे.

परंतु हा शिक्का कड्याचे वय सांगतो, मुठीचे नव्हे, हे विसरू नये. कडे सांध्यावर सैल फिरत असेल, त्याच्या वरच्या काठाशी मुठीच्या तळाची गोलाई जुळत नसेल किंवा कड्याच्या कडेबाहेर ताजा सरस दिसत असेल, तर तीन वेगवेगळ्या काठ्यांचे तीन भाग एकत्र आलेले असण्याचा संभव मोठा आहे. कड्यावर आद्याक्षरे किंवा भेटीचा मजकूर कोरलेला असेल तर अक्षरांच्या कडाही बाकीच्या चांदीइतक्याच मऊ झालेल्या असाव्यात. जुन्या झिजलेल्या चांदीवर धारदार अक्षरे म्हणजे मजकूर नंतरचा.

दांड्यासाठी मलाक्का वेत सर्वांत प्रतिष्ठेचा मानला जाई. आग्नेय आशियातून येणारा हा वेत मलाक्का बंदराच्या नावाने ओळखला गेला. त्याचा रंग तपकिरी ठिपक्याठिपक्यांचा असतो, आणि बोट फिरवल्यास एका बाजूला लांबवर गेलेला बारीक कंगोरा जाणवतो. मध्ये एकही पेर नसलेली, पूर्ण काठीएवढी लांब कांडी मिळणे दुर्मीळ असल्याने ती महाग असे. रंगवलेल्या साध्या वेताला हा कंगोरा नसतो.

शेंबी म्हणजे काठीच्या जमिनीकडील टोकाची धातूची टोपी. अठराव्या शतकातील शेंब्या पितळेच्या आणि बऱ्याच लांब असत, कारण रस्ते चिखलाचे होते आणि लाकूड ओले होऊ द्यायचे नव्हते. शहरांतील रस्ते फरसबंद होत गेले तशी शेंबीची लांबी कमी होत गेली. चालताना काठी किंचित तिरपी टेकते, म्हणून शेंबीची झीज बहुधा एका कडेला जास्त होते, आणि ही झिजलेली कडा मुठीच्या पुढच्या-मागच्या रेषेत यायला हवी. ती बाजूला येत असेल, म्हणजे कुत्र्याचे तोंड पूर्वेला आणि शेंबीची झीज दक्षिणेला असा प्रकार असेल, तर मूठ फिरवून बसवलेली आहे किंवा मुळात त्या दांड्याची नाही. मुठीइतकेच लक्ष शेंबीकडे दिले तर पुष्कळ फसवणूक टळते. दुर्दैवाने विक्रेते काठीचे छायाचित्र काढताना नेमका हाच भाग वगळतात, म्हणून तो मागून घ्यावा. काठीची लांबी ८६ ते ९२ सेंटिमीटरपेक्षा बरीच कमी असून शेंबी नवी असेल, तर दांडा खालून कापलेला आहे.

पितळेच्या ओतीव मुठीचा, दोन-तीन भागांत आटे फिरवून सुटणारा शिसवी दांड्याचा जो प्रकार मुंबईच्या चोरबाजारापासून परदेशी संकेतस्थळांपर्यंत ‘व्हिक्टोरियन’ म्हणून विकला जातो, तो बहुतेक वेळा उत्तर भारतातील पितळी कारखान्यांतून निर्यातीसाठी घडवलेला अलीकडचा माल असतो. शोभेची वस्तू म्हणून तो घेण्यात गैर काही नाही, पण त्याला जुन्या काठीची किंमत देऊ नये.

कायदा आधी, खरेदी नंतर

हस्तिदंताची मूठ ओळखता येणे आवश्यक आहे ते मुख्यतः ती नाकारता यावी म्हणून. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. वस्तू दीडशे वर्षांची आहे म्हणून ही बंदी सैल होत नाही. सांबर आणि चितळ यांच्या शिंगांनाही हाच कायदा लागू आहे. पणजोबांची हस्तिदंती मुठीची काठी घरात असेल, तर ती विकण्याचा किंवा कोणाला देण्याचा विचार करण्यापूर्वी मालकीच्या प्रमाणपत्राबाबत वन विभागाकडे चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, मग तिची मूठ कशाचीही असो, पुरातन वस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. परदेशातील मुलांकडे आठवण म्हणून काठी पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी सांगायचे तर तेथील २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे. १९४७ पूर्वीच्या आणि १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून सूट मिळते, परंतु काठीच्या बाबतीत हे प्रमाण संपूर्ण वस्तूच्या आकारमानावर ठरत असल्याने मोठी मूठ सहज मर्यादा ओलांडू शकते. जानेवारी २०२५ पासून पाणघोडा, नारव्हाल, किलर व्हेल आणि स्पर्म व्हेल यांचे दातही या कायद्यात आले आहेत.

घरी आणल्यावर

पहिले काही दिवस काठी इतर वस्तूंपासून वेगळी ठेवावी. शिंगाच्या मुठीला गालिचे खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या लागतात आणि बारीक भुसा पडलेला दिसेपर्यंत आतून पोखरण झालेली असते. कोरीव भागातील सैल धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. साबण, पाणी आणि तेल लावू नये. तेलाने लाकूड काळे पडते, आणि पाण्याने हाड व सरसाचे सांधे फुगतात. लाकडाला वर्षातून एकदा रंगहीन मेणाचा अगदी पातळ हात पुरेसा आहे. खाचांतला जुना मळ काढण्याचा मोह होतो, पण तो काढू नये, कारण मघाशी सांगितलेल्या पारखीचा अर्धा पुरावा त्यातच असतो. चांदीचे कडे उजळताना मूठ आणि दांडा कापडाने झाकावेत, नाहीतर पॉलिशची पांढरी पूड कानांच्या खाचांत बसते आणि मग निघत नाही.

सेल्युलॉइडची मूठ कालांतराने आम्लयुक्त वायू सोडते, त्यामुळे ती बंद डब्यात किंवा चांदीच्या वस्तूंजवळ ठेवू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने खरी कसोटी असतात. काठी भिंतीला टेकवून ठेवल्यास दमट हवेत दांडा वाकतो, म्हणून ती आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन आणि सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावी; प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यास आत बुरशी धरते. उन्हे पडली की कापड काढून सावलीत वारा द्यावा आणि त्याच वेळी कड्याचा सांधा हलतो आहे का, हे बोटाने हळूच तपासावे.